मंचावर दिसलं, हातात कधी येईल? डेव्हलपर कॉन्फरन्समधले प्रिव्ह्यू समजून घेताना

सप्टेंबर 2023 मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची 21वी आवृत्ती आली. तिच्यात ‘स्ट्रिंग टेम्प्लेट’ नावाची एक सोय होती. वाक्याच्या मधोमध ग्राहकाचं नाव, बिलाची रक्कम, तारीख अशी बदलती माहिती नेटकेपणाने बसवता यावी, एवढाच तिचा उद्देश. जावात हे काम तुकडे जोडत जोडत करावं लागतं. महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमध्ये बँकांची नाहीतर विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, ते किती किचकट होत जातं ते कळेल. म्हणून ही सोय पाहून अनेकांना बरं वाटलं. मार्च 2024 च्या 22व्या आवृत्तीत ती पुन्हा होती. सप्टेंबर 2024 मध्ये 23वी आवृत्ती आली आणि ती गायब. भाषा घडवणाऱ्यांना आराखडाच पटेनासा झाला, म्हणून त्यांनी ती पूर्ण मागे घेतली.

यात कुणी कुणाला फसवलं नाही. पहिल्या दिवसापासून तिच्यावर ‘प्रिव्ह्यू’, म्हणजे अजून पक्की न झालेली झलक, असं लिहिलेलं होतं. ती वापरायची तर प्रोग्रॅम चालवताना ‘मला प्रिव्ह्यू हवाय’ असं वेगळं सांगावं लागायचं, आणि एका आवृत्तीवर तसा बांधलेला प्रोग्रॅम पुढच्या आवृत्तीवर चालायचाच नाही. एवढं सगळं उघड असूनही कॉन्फरन्सच्या अंधाऱ्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, टाळ्यांच्या गजरात तीच गोष्ट पाहिली की ती आलेलीच आहे असं वाटू लागतं. मला हा लेख लिहावासा वाटला तो ठाणे आणि नवी मुंबईतल्या त्या मुलामुलींसाठी, जी पहिल्यांदाच अशा कार्यक्रमाला जातात आणि दुसऱ्या दिवशी आपला अर्धा प्रोजेक्ट त्या पाहिलेल्या गोष्टीवर बेतायला निघतात. पडद्यावर जे दिसलं ते नक्की काय होतं, हे ओळखायला शिकता येतं, आणि ते फारसं अवघडही नाही.

आधी थोडक्यात, ही कॉन्फरन्स असते काय. ग्राहकाला वस्तू विकण्याचा हा मेळावा नसतो. ज्या लोकांनी त्या वस्तूच्या आधाराने पुढे आपली सॉफ्टवेअर लिहावीत अशी अपेक्षा असते, त्या प्रोग्रॅमरांना बोलावून केलेला हा कार्यक्रम असतो. ॲपल 1980 च्या दशकापासून असा मेळावा घेते, गुगलचा ‘आय/ओ’ 2008 पासून भरतो, मायक्रोसॉफ्टचा ‘बिल्ड’ 2011 पासून. कुठल्याच कंपनीचे नसलेले, प्रोग्रॅमरांनीच भरवलेले मेळावेही असतात. पायथन भाषेची ‘पायकॉन इंडिया’ 2009 मध्ये बंगळुरूत सुरू झाली. दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी नोंदणी आणि गळ्यात अडकवायचा बॅज, मग कीनोट म्हणजे मुख्य भाषण, त्यानंतर एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत चालणारी सत्रं, वर्कशॉप, आणि बाहेर कंपन्यांचे स्टॉल. नव्या गोष्टींची झलक बहुतेक करून कीनोटमध्येच दाखवतात.

ही झलक म्हणजे नाटकाची रंगीत तालीम समजा. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात शुभारंभाचा प्रयोग लागण्याआधी वाचन होतं, मग उभ्या तालमी, आणि शेवटी पोशाख, रंगभूषा, प्रकाशयोजनेसकट रंगीत तालीम. सॉफ्टवेअरमध्ये ‘अल्फा’ ही उभी तालीम: पात्रं ठरलीत, पण संवाद अजून बदलतायत. ‘बीटा’ ही रंगीत तालीम: सगळं जागेवर आहे, पण चुका निघणार हे गृहीत धरून मोजकी माणसं समोर बसवलेली. ‘रिलीज कॅन्डिडेट’ म्हणजे मोठी अडचण निघाली नाही तर हेच उद्या रंगमंचावर जाईल. आणि ‘जनरल अव्हेलेबिलिटी’, म्हणजे जीए, हा तिकीट लावून केलेला प्रयोग, जिथे प्रेक्षकाला तक्रार करायचा हक्क असतो. ‘प्रिव्ह्यू’ ही पाटी मात्र यांतल्या कुठल्याही टप्प्यावर लागू शकते. खरा गोंधळ इथेच होतो.

पाटीवर जाऊ नये, याचं उलट टोकाचं उदाहरणही आहे. जीमेल एप्रिल 2004 मध्ये सुरू झालं आणि जुलै 2009 पर्यंत त्यावर ‘बीटा’ लिहिलेलं होतं. पाच वर्षं कोट्यवधी लोक ते रोज वापरत होते. म्हणून शब्दापेक्षा त्यामागच्या अटी वाचाव्यात. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या प्रिव्ह्यूच्या अटी साधारण सारख्याच असतात: सेवा आहे तशी दिली आहे, अखंड चालण्याची हमी नाही, आणि ती कधीही बदलू किंवा बंद होऊ शकते. लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खूण. आवृत्तीचा आकडा शून्याने सुरू होत असेल, समजा 0.7, तर प्रचलित संकेत असा की यात काहीही, कधीही बदलेल. स्लाइडच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात हा आकडा असतो. फोटो काढताना तो चौकटीत घ्या.

मग अर्धवट गोष्ट दाखवायचीच कशाला?

कारण नव्या यंत्रावर किंवा प्रणालीवर चालणारी सॉफ्टवेअर नसतील तर ती कुणी घेत नाही, आणि ती कुणी घेतलेली नसेल तर तिच्यासाठी सॉफ्टवेअर कुणी लिहीत नाही. ही कोंडी फोडायला कंपनी प्रोग्रॅमरांना आधी बोलावते. आयफोनसाठी ॲप लिहायची साधनं ॲपलने मार्च 2008 मध्ये बीटा स्वरूपात दिली, आणि जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्यात सुमारे 500 ॲप तयार होती. मधल्या चार महिन्यांत जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ती लिहिली होती. ॲपलचा आजचा क्रमही यावरच बेतलेला आहे. जूनमध्ये मेळावा, त्याच दिवशी प्रोग्रॅमरांना बीटा, आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांच्या फोनवर नवी प्रणाली.

फार आधी बोललं तर अंगाशीही येतं. ऑस्बोर्न कॉम्प्युटर या अमेरिकी कंपनीने 1983 मध्ये आपल्या पुढच्या मॉडेलची वाच्यता वेळेआधी केली. लोकांनी चालू मॉडेल घेणं थांबवलं, आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कंपनी बुडण्याची इतरही कारणं होती असं सांगतात, पण हा धडा उद्योगाने कायमचा लक्षात ठेवला. म्हणून काय दाखवायचं, किती दाखवायचं आणि तारीख सांगायची की नाही, हे प्रत्येक वाक्यागणिक ठरवलेलं असतं. ‘या उन्हाळ्यात’, ‘लवकरच’, ‘येत्या काही महिन्यांत’ असे शब्द कानावर आले की समजावं, तारीख ठरलेली नाही किंवा ठरली असली तरी तिची खात्री नाही.

कधीकधी कंपनी मनापासून सांगते आणि तरी जमत नाही. ऑक्टोबर 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या मेळाव्यात मायक्रोसॉफ्टने ‘लाँगहॉर्न’ या नावाखाली पुढची विंडोज दाखवली. तिच्यातला ‘विनएफएस’ हा भाग मोठा आकर्षक होता. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे लक्षात ठेवायची गरजच राहू नये, ‘गेल्या महिन्यात अमक्याने पाठवलेली पत्रं’ असं विचारलं की ती समोर यावीत, अशी कल्पना. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये, विनएफएस लाँगहॉर्नमधून वगळल्याचं जाहीर झालं. उरलेली प्रणाली ‘व्हिस्टा’ नावाने जानेवारी 2007 मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आली. हल्लीचं उदाहरण ॲपलचं. जून 2024 मध्ये त्यांनी तुमचे निरोप, पत्रं, भेटीगाठी समजून उत्तर देणारी नवी सिरी, म्हणजे फोनमधली बोलकी मदतनीस, दाखवली, आणि मार्च 2025 मध्ये तिला उशीर होणार असल्याचं सांगितलं. तोवर ज्यांनी तिच्या भरवशावर काही आखलं होतं, त्यांच्यासाठी ते बाजारात तुरी म्हणण्यासारखंच ठरलं.

आणि कधी उलटंही होतं, दाखवलेलं सगळं येतं पण त्याला फार वेळ लागतो. 9 डिसेंबर 1968 ला डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत संगणकतज्ज्ञांच्या मेळाव्यात सुमारे 90 मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. माउस, क्लिक केल्यावर दुसरीकडे नेणारा मजकूर, दूर बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर पाहत दोघांनी मिळून एकच कागद दुरुस्त करणं, हे सगळं त्यात होतं. माउस घेऊन आलेला ॲपलचा मॅकिंटॉश संगणक बाजारात यायला 1984 उजाडलं. दोघांनी एकाच वेळी एकच कागद लिहिणं सामान्य माणसाच्या रोजच्या कामात यायला तर नवं शतक लागलं. मला हे प्रात्यक्षिक सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते खरोखर चालत होतं. पलीकडे यंत्रं होती, तारा होत्या, माणसं होती.

प्रात्यक्षिक बघायचं कसं

‘खरोखर चालत होतं’ हे ओळखणं हाच कळीचा मुद्दा आहे. मंचावरची गोष्ट तीन प्रकारची असू शकते. प्रत्यक्ष चालणारी, आधी चित्रित केलेली, किंवा नुसती ‘अशी दिसेल’ म्हणून रंगवलेली. तिन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. डिसेंबर 2023 मध्ये गुगलने जेमिनी या एआय मॉडेलचा एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. त्यात ते समोरच्या माणसाची चित्रं आणि हातवारे पाहून लगेच बोलून उत्तर देतंय असं वाटत होतं. प्रत्यक्षात त्याला स्थिर चित्रं आणि लिहिलेल्या सूचना दिल्या होत्या, हे नंतर कंपनीने सांगितलं. उत्तराला लागणारा वेळ कमी करून दाखवल्याचं व्हिडिओखालच्या मजकुरात आधीपासून होतं. ते वाचलं किती जणांनी? म्हणून पडद्याच्या तळाशी येणारी बारीक ओळ वाचायची सवय लावून घ्या. ‘क्रम संक्षिप्त केला आहे’ किंवा ‘दृश्य प्रातिनिधिक’ अशा अर्थाचं काही असेल तर वेगाबद्दलचं आपलं मत तिथेच राखून ठेवावं.

प्रत्यक्ष प्रात्यक्षिकही एका ठरवलेल्या वाटेवरून चालतं. जानेवारी 2007 मध्ये पहिला आयफोन दाखवताना ठरावीक क्रमानेच गोष्टी केल्या गेल्या. कारण क्रम बदलला तर फोन बंद पडायचा, असं त्यावर काम केलेल्या अभियंत्याने पुढे सांगितलं. यात लबाडी पाहू नये. फोन नंतर आलाच. पण प्रोग्रॅमर म्हणून आपल्याला शिकायचं ते हे, की वाट सोडली तर काय होतं ते आपण पाहिलेलं नाही.

आणि हॉलमध्ये वाय-फाय का रडतं तेही समजून घ्या, कारण पुष्कळ प्रात्यक्षिकं त्यामुळेच फसतात. वाय-फायच्या जुन्या, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच बसतात. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीची थांबतात. त्यात प्रत्येकाने आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला की नवी छोटी नेटवर्क त्याच तीन जागांत घुसतात आणि सगळ्यांचीच पाळी लांबते. जून 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्स आयफोन 4 दाखवत असताना साधं वेबपान उघडेना. हॉलमध्ये 570 वाय-फाय केंद्रं चालू आहेत, ती बंद करा, अशी विनंती त्यांना मंचावरून करावी लागली. त्यामुळे एखाद्या वक्त्याचं प्रात्यक्षिक नेटअभावी अडलं तर त्यावरून तंत्रज्ञानाचं मोल ठरवू नका. आणि आपला हॉटस्पॉट बंद ठेवा.

या सगळ्यापेक्षा स्टॉलवरची पाच मिनिटं जास्त शिकवतात. वाशीतल्या एका कार्यक्रमात एका कंपनीच्या स्टॉलवर मराठी बोललेलं लिहून देणारं सॉफ्टवेअर प्रिव्ह्यू म्हणून मांडलं होतं. तिथला तरुण अभियंता माइकजवळ जाऊन सावकाश, वृत्तनिवेदकासारखं बोलायचा आणि पडद्यावर शुद्ध मराठी उमटायचं. कोपरखैरण्याची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बराच वेळ बघत उभी होती.

“सर, मी बोलून बघू का?”

“हो, बोल ना.”

ती तिच्या घरच्या आगरी बोलीत दोन वाक्यं बोलली, नेहमीच्या वेगाने. निम्मे शब्द बरोबर आले, निम्मे भलतेच. अभियंत्याने पडद्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, “या बोलीचं रेकॉर्डिंग आमच्याकडे जवळपास नाहीच. नोंद करून घेतो.”

“आणि फोनचं नेट बंद केलं तर?”

त्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकून दाखवला. अक्षरं उमटायची थांबली. “सध्या सर्व्हरवर चालतंय. फोनवर चालवायचं काम सुरू आहे, पण तारीख मला नाही सांगता येणार.”

“म्हणजे मी कॉलेजच्या प्रोजेक्टला हे घेतलं आणि एप्रिलपर्यंत तुम्ही बदललंत तर?”

“तर तुला तुझा कोड बदलावा लागेल. मी तुझ्या जागी असतो तर हे एका वेगळ्या फाइलमागे ठेवलं असतं, म्हणजे उद्या दुसरं काही लावता येईल.”

ही मुलगी कीनोटमध्ये कुठे बसली होती मला माहीत नाही. पण तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं: वस्तू कुणाच्या आवाजावर घडलीय, कुठल्या यंत्रावर चालते, नेट नसेल तर काय, बदलली तर काय. आणि त्या अभियंत्याचंही मला कौतुक वाटलं. प्रिव्ह्यू मांडणाऱ्याने असंच बोलायला हवं. असं उत्तर टाळून कुणी नुसतं माहितीपत्रक हातात देत असेल, तर तो विक्री विभागाचा माणूस आहे असं समजून “यावर काम करणारं कुणी इथे आहे का?” असं नम्रपणे विचारावं. बहुतेक वेळा असतं, आणि त्या माणसाला असा प्रश्न आवडतो.

प्रश्न इंग्रजीत विचारायचं दडपण अनेकांना येतं. आपल्याकडच्या स्टॉलवर बरीच माणसं मराठी किंवा हिंदी समजणारी असतात. मराठीत विचारा, तांत्रिक शब्द आहेत तसे ठेवा.

परत आल्यावर काय करायचं

कीनोट घरबसल्या पाहता येतं. मोठ्या मेळाव्यांची भाषणं फुकट उपलब्ध असतात, त्यासाठी रजा काढून ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची गरज नाही. जायचं ते वर सांगितलेल्या संवादासाठी आणि नंतर हाताने करून पाहण्यासाठी. करून पाहताना एक पथ्य पाळा. प्रिव्ह्यू रोजच्या फोनवर किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू नका. जुना फोन, व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक), वेगळं अकाउंट, जे परवडेल ते. क्लायंटच्या चालू प्रणालीत तर प्रिव्ह्यू घालूच नये, टीम लीडने कितीही उत्साहाने सांगितलं तरी. अँग्युलर हे वेब-ॲप बांधायचं साधन वापरणाऱ्यांना ‘डेकोरेटर’, म्हणजे कोडच्या तुकड्याला जोडायच्या खुणा, आठवत असतील. 2015 पासून टाइपस्क्रिप्ट या भाषेत ते प्रायोगिक म्हणून होते, लोकांनी त्यावर मोठमोठी ॲप उभारली. प्रमाणित डेकोरेटर टाइपस्क्रिप्टमध्ये आले ते मार्च 2023 मध्ये, आणि ते जुन्यांपेक्षा वेगळे निघाले. जुनं अजून चालतं, पण दोन्हींचं गणित सांभाळायचं काम त्या लोकांच्या माथी आलं.

मग प्रिव्ह्यूच्या वाटेला जावंच का? कारण वस्तू मऊ असते ती याच काळात. जावाचंच दुसरं उदाहरण घ्या. मार्च 2019 च्या 12व्या आवृत्तीत ‘स्विच’ या, अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या, रचनेचं नवं रूप प्रिव्ह्यू म्हणून आलं. त्यात उत्तर परत देण्यासाठी ‘ब्रेक’ हा जुनाच शब्द योजला होता. वापरून पाहणाऱ्यांनी सांगितलं की यामुळे घोटाळा होतो. 13व्या आवृत्तीत त्या जागी ‘यील्ड’ आला, आणि मार्च 2020 च्या 14व्या आवृत्तीत ती रचना कायम झाली. ज्यांनी वेळेवर सांगितलं त्यांचं म्हणणं भाषेत कायमचं राहिलं. नंतर सांगणाऱ्यांचं राहिलं नसतं, कारण एकदा जीए झालं की जगभरचा कोड त्यावर उभा राहतो आणि बदल करणं जवळपास अशक्य होतं.

आपल्याकडून सांगण्यासारखं तर खूप आहे, आणि ते कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला सुचणारही नाही. प्रिव्ह्यू हाती आला की त्यात 12,34,567 हा आकडा लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह नीट दिसतो का पाहा. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पूर्ण तासांचाच विचार करून लिहिलेलं कॅलेंडर इथे अर्ध्या तासाने चुकतं, ते तपासा. ‘दऱ्या’ लिहून शोधा. यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन वेगळ्या रीतींनी साठवता येतो, दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमला काळजीपूर्वक सांगितलेलं नसेल तर एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने सापडत नाही. ‘ळ’ नीट ऐकला जातो का, जोडाक्षर ओळीच्या शेवटी तुटतं का, लोकल बोगद्यात शिरून नेट गेल्यावर ॲप काय करतं, हे सगळं आपणच पाहू शकतो.

तक्रार नोंदवताना चार गोष्टी पुरतात. कुठली आवृत्ती आणि कुठलं यंत्र, काय केलं ते क्रमाने, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. सोबत स्क्रीनशॉट, आणि होईल तितका छोटा कोड, जो चालवला की समोरच्यालाही तीच चूक दिसेल. “मराठी चालत नाही” असं लिहिलं तर कुणी बघणार नाही. “‘दऱ्या’ हा शब्द अमुक कीबोर्डवर लिहून तमुक पानावर शोधला, पानात असूनही सापडला नाही” असं लिहिलं तर त्यावर काम करता येतं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. मात्र हे सगळं बीटाच्या पहिल्या काही आठवड्यांत पोचायला हवं. जूनमध्ये दाखवलेली प्रणाली सप्टेंबरमध्ये येणार असेल तर शेवटच्या काही आठवड्यांत बहुतेक करून मोठ्या चुकाच हाती घेतल्या जातात, बाकीच्या मागे पडतात.